काउंट नॉर्मल आला, तरी डॉक्टर ‘अजून नाही’ का म्हणतात? : ट्रान्सप्लांटनंतरची प्रतिकारशक्ती

कुडाळकरीण

नमस्कार मंडळी. ल्युकेमियावरचे इथले जुने धागे वाचून काढले. केमोबद्दल भरपूर आहे, पण बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन घरी आल्यानंतरच्या महिन्यांबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

माझ्या धाकट्या दिरांना एएमएल (झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया). वय ३८. केमोने रिमिशन आलं, म्हणजे आजार दिसेनासा झाला, पण तपासणीत एफएलटी३ म्युटेशन (आजार उलटण्याचा धोका वाढवणारा जनुकातला बदल) निघालं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की नुसत्या केमोवर थांबायचं नाही. आमच्या ह्यांचं एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) अजिबात जुळलं नाही. नणंदबाईंचं निम्मं जुळलं, त्यांच्याच स्टेम सेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) दिल्या. आज ट्रान्सप्लांटनंतरचा डे ७४. हॉस्पिटलजवळ नवी मुंबईत खोली घेऊन राहतोय.

परवाचा सीबीसी: पांढऱ्या पेशी ५२००, हिमोग्लोबिन १०.४, प्लेटलेट ९८ हजार. शिवाय किमेरिझम (रक्तात डोनरच्या पेशी किती) १०० टक्के डोनरचं. घरात सगळे खूश. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आणखी एक रक्त तपासायला लावलं. त्यात सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी फक्त ६७. सीएमव्ही हा विषाणूही पॉझिटिव्ह आला, त्याच्या गोळ्या सुरू झाल्यात. मास्क, सेप्ट्रान (इन्फेक्शन होऊ नये म्हणूनची अँटिबायोटिक), बुरशीची गोळी, काहीच बंद नाही.

घरचा गणपती पाच दिवसांचा. भाऊजींना कुडाळला जायचंच आहे, सासूबाईंचे रोज फोन. ‘काउंट नॉर्मल झाला ना, मग काय अडचण?’ याला काय उत्तर देऊ? आणि ६७ म्हणजे किती वाईट?

चौथं_वर्ष

वहिनी, आधी अभिनंदन. डे ७४ला घरी जेवताय हीच मोठी गोष्ट. मी यातून गेलोय, एएलएल (दुसऱ्या प्रकारचा ल्युकेमिया) होता, बहिणीचं पूर्ण मॅच. मला तर सीडी४ कधी सांगितलंच नाही कुणी. बहुतेक केलंच नसावं. आमच्याकडे सगळं ‘सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) कधी बंद होतंय’ यावर चालायचं. त्यामुळे आकड्याने घाबरू नका. पण गणपतीला जाऊ नका. का ते हिमॅटवाला सांगेलच, रक्तविकारांचा डॉक्टर आहे, असतो इथे.

शंकासुर

बाळबोध प्रश्न. पांढऱ्या पेशी म्हणजेच प्रतिकारशक्ती ना? ५२०० म्हणजे माझ्यापेक्षा जरासेच कमी.

हिमॅटवाला

बोलावलंत म्हणून आलो. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

शंकासुरांच्या प्रश्नातच सगळी गंमत आहे. ‘पांढऱ्या पेशी’ हा एकूण हिशोब आहे. त्यात न्युट्रोफिल, मोनोसाइट, लिम्फोसाइट सगळे येतात आणि ट्रान्सप्लांटनंतर हे सगळे एकदम परतत नाहीत. वॉर्डात आपण ज्याला ‘काउंट आला’ म्हणतो, म्हणजे लागोपाठ तीन दिवस न्युट्रोफिल ५००च्या वर, तो साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. न्युट्रोफिल म्हणजे नाक्यावरचा हवालदार. समोर दिसेल त्या जंतूला धरतो, त्याला ओळखपाळख लागत नाही. म्हणून पहिल्या महिन्यातला बॅक्टेरियाचा धोका काउंट आल्यावर बराच उतरतो. जुन्या गुन्हेगारांच्या फायली मात्र लिम्फोसाइटकडे असतात. सीएमव्ही, ईबीव्ही, नागीण हे विषाणू आपल्या अंगात लहानपणापासून दबा धरून बसलेले असतात आणि त्यांच्यावर नजर टी पेशी ठेवतात. भारतात बहुतेक मोठ्या माणसांना सीएमव्ही होऊन गेलेला असतो. टी पेशी गेल्या की तो वर येतो. भाऊजींच्या बाबतीत हेच झालंय.

आता क्रम. एनके पेशी (विषाणू शिरलेल्या पेशी मारणारे लिम्फोसाइट) पहिल्या एक-दोन महिन्यांत परततात. टी पेशींपैकी सीडी८ (थेट मारणाऱ्या) आधी वाढतात, सीडी४ (बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या) मागे राहतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. सीडी४ मागे राहण्याचं कारण थायमस. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी कोऱ्या टी पेशी घडवते, म्हणजे कुठलाही जंतू न पाहिलेल्या, काहीही शिकू शकतील अशा. वयात आल्यापासून ती आक्रसत जाते आणि चाळिशीकडे तिचा बराचसा भाग चरबी झालेला असतो. त्यात केमो, कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटच्या आधीचा भारी उपचार), स्टिरॉइड यांचा मार. सुरुवातीला ज्या टी पेशी दिसतात त्या बहुतेक बहिणीने दिलेल्या पेशींसोबत आलेल्या, आधीच शिकलेल्या पेशींची वाढलेली संख्या असते. आकडा भरतो, पण ओळखीचे जंतू मोजकेच. थायमसमधून नवी भरती सुरू व्हायला मोठ्या माणसात वर्ष-दोन वर्षं जातात. लहान मुलांत हेच लवकर होतं.

हॅप्लोमध्ये, म्हणजे निम्म्या मॅचच्या ट्रान्सप्लांटमध्ये, आणखी एक गोष्ट. निम्मं मॅच असल्याने डोनरच्या टी पेशी पेशंटवर तुटून पडतात. त्या आवरायला तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात. ही पद्धत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधली. ज्या टी पेशी त्या वेळी पेशंटवर खवळून झपाट्याने विभागत असतात, त्यांना ते औषध नेमकं टिपतं. दंगा शांत ठेवणाऱ्या रेग्युलेटरी पेशींमध्ये त्या औषधाला निकामी करणारं एन्झाइम जास्त असतं, म्हणून त्या वाचतात. जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींचा पेशंटच्या अवयवांवर हल्ला) कमी होते, निम्म्या मॅचवर ट्रान्सप्लांट शक्य होतं. किंमत एवढीच की टी पेशींचा पहिला हप्ता उशिरा मिळतो.

म्हणून ७४व्या दिवशी ६७ हे हॅप्लोत पुष्कळदा दिसतं. चांगलं आहे असं म्हणणार नाही, पण अघटितही नाही.

नळीवाला

लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्रीवर बसतो, म्हणून दोन पैसे माझेही. हा आकडा कसा निघतो ते पाहा. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त, त्यात रंग लावलेल्या अँटिबॉडी घालून मशिनमधून एकेक पेशी सोडतात. वहिनींनी टाकलेल्या ५२००मध्ये लिम्फोसाइट किती टक्के आहेत? रिपोर्टात असेल.

कुडाळकरीण

८ टक्के. खाली लिहिलंय: सीडी३ ५८, सीडी४ १६, सीडी८ ४०, सीडी१९ २, सीडी५६ ३५.

नळीवाला

घ्या. ५२००चे ८ टक्के म्हणजे ४१६ लिम्फोसाइट. त्यांचे १६ टक्के म्हणजे ६७ सीडी४. सीडी८ साधारण १६६, एनके (सीडी५६) १४६ आणि बी पेशी (सीडी१९) फक्त ८. सीडी३ म्हणजे एकूण टी पेशी. निरोगी माणसात सीडी४ साधारण ५०० ते १५०० आणि सीडी८पेक्षा जास्त. इथे प्रमाण उलटं झालंय, जे डॉक्टरांनी वर सांगितलंच. म्हणजे घरचे ज्या ५२००वर खूश आहेत त्यातल्या बहुतेक न्युट्रोफिल आणि मोनोसाइट.

एक विनंती. हे रक्त ताजंच लागतं. सकाळी देऊन त्याच दिवशी लॅबला पोचेल असं बघा, आणि दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये. दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करून लोक उगाच रडतात किंवा उगाच नाचतात.

न्यूजर्सीची_माई

माझ्या मिस्टरांचं इथे अनरिलेटेड डोनरकडून झालं. त्यांना पहिले महिने लेटरमोव्हिर होतं, सीएमव्ही वर आलाच नाही. तिकडे देत नाहीत का?

हिमॅटवाला

माई, देतात, पण महाग पडतं आणि सगळ्यांना परवडत नाही. मग दर आठवड्याला सीएमव्हीचं पीसीआर करायचं आणि आकडा वाढला की औषध सुरू करायचं, हा मार्ग जास्त चालतो. सीएमव्हीवरच्या व्हॅलगॅनसायक्लोव्हिर या गोळीने न्युट्रोफिल खाली येऊ शकतात. तेव्हा वहिनी, पुढच्या आठवड्यात ५२००चे २५०० झाले तर लगेच ‘आजार परत आला’ असं समजू नका. डॉक्टरांना मात्र त्याच दिवशी कळवा.

गावठी_वैद्य

एवढी औषधं खाऊन प्रतिकारशक्ती कशी येणार? गुळवेलीचा काढा रोज सकाळी, सोबत गव्हांकुर. माझ्या मेहुण्याचे काउंट दहा दिवसांत वाढले होते. निसर्ग सगळं भरून काढतो.

चौथं_वर्ष

वैद्यबुवा, मेहुण्याचं ट्रान्सप्लांट झालं होतं का? नसेल तर कृपया इथे नको.

हिमॅटवाला

वैद्य यांचा हेतू चांगला आहे असं धरून चालतो. पण इथे दोन गोष्टी आहेत. एक, कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या लिव्हर डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, ते सगळं खरं. पण ट्रान्सप्लांट पेशंटचं यकृत आधीच चार औषधं पचवत असतं आणि जीव्हीएचडीही यकृतावर येते. बिलिरुबिन वाढलं तर कारण शोधायला आम्ही कुठे जायचं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रतिकारशक्ती ‘वाढवणं’ हे इथे ध्येयच नाही. आम्ही टॅक्रोलिमस देऊन ती मुद्दाम दाबून ठेवतोय, कारण आता अंगात बहिणीची प्रतिकारशक्ती आहे आणि तिला भावाची कातडी, आतडी, यकृत परकं वाटतं. डोळे मिटून तिला चेव आणला तर जीव्हीएचडी. फार दाबली तर इन्फेक्शन. आणि तिसरं म्हणजे ल्युकेमिया मारण्याचं कामही ह्याच पेशी करतात. १९९०मध्ये दोन हजारांहून जास्त ट्रान्सप्लांटचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला, त्यात हे स्पष्ट दिसलं: हुबेहूब जुळ्या भावंडाचा मॅरो घेतलेल्यांत आजार जास्त उलटला, आणि ज्यांना थोडी जीव्हीएचडी झाली त्यांच्यात कमी. त्याच वर्षी म्युनिकच्या कोल्ब यांनी सीएमएल (सावकाश वाढणारा ल्युकेमिया) उलटलेल्या पेशंटना डोनरच्या लिम्फोसाइट पुन्हा देऊन आजार परतवला. आज आपण डीएलआय म्हणतो ते हेच. म्हणजे नवी केमो न देता, डोनरच्या पेशींच्या जोरावर ल्युकेमिया हटू शकतो हे तिथे दिसलं. काढ्याने ही दोरी एका बाजूला ओढायची नसते.

जुना_परळकर

अवांतर, पण राहवत नाही. आपल्याकडचं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट परळलाच, टाटा मेमोरियलमध्ये, २० मार्च १९८३ला. डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. एएमएल झालेली लहान मुलगी, भावाचा मॅरो. अडवाणी त्याआधी सिएटलला डॉ. थॉमस यांच्याकडे शिकून आले होते, ज्यांना पुढे १९९०चं नोबेल मिळालं. स्वतः पोलिओमुळे व्हीलचेअरवर. त्या काळात सीएमव्हीवर आजची औषधं नव्हती, पीसीआर नव्हतं. कसं निभावलं असेल देव जाणे. चालू द्या.

शंकासुर

भारी माहिती. आता माझा दुसरा बाळबोध प्रश्न. किमेरिझम १०० टक्के म्हणजे आजार गेला असं नाही का?

हिमॅटवाला

नाही. किमेरिझम १०० म्हणजे तपासलेल्या रक्तपेशी डोनरच्या. त्या तपासणीला शेकड्यात एखादी पेशी दिसते, लाखात एक दिसत नाही. त्यासाठी एमआरडी, म्हणजे उरलासुरला आजार शोधणारी तपासणी, वेगळी करतात. एफएलटी३वाल्यांना बऱ्याच ठिकाणी पुढे सोराफेनिबसारखी गोळी चालू ठेवतात, तीही त्या उरल्यासुरल्या पेशींसाठीच. वहिनी, हे पुढच्या ओपीडीत विचारा, कारण काउंट स्थिर झाल्यावरच ती सुरू करता येते.

हॅप्लोत ल्युकेमियाची एक लबाडी आहे. काही वेळा ल्युकेमियाच्या पेशी आपल्या गुणसूत्रावरचा न जुळणारा एचएलएचा भागच टाकून देतात. मग बहिणीच्या टी पेशींना त्या परक्या वाटतच नाहीत. २००९मध्ये इटलीतल्या गटाने हे दाखवलं. अशा वेळी त्याच डोनरच्या लिम्फोसाइट देऊन फारसा उपयोग होत नाही.

कुडाळकरीण

सगळ्यांचे खूप आभार. नळीवाले, तुमचा हिशोब मी ह्यांना वहीत करून दाखवला, पहिल्यांदा पटलं त्यांना. हिमॅटवाला, एक स्पष्ट विचारते. इंटरनेटवर वाचलं की सीडी४ लवकर आले तर पेशंट जास्त जगतात. म्हणजे ६७ असल्याने भाऊजींचं…

हिमॅटवाला

समजलं, वाक्य पूर्ण करू नका.

असे अभ्यास बरेच आहेत. लहान मुलांमध्ये पहिल्या १०० दिवसांत सीडी४ ५०च्या वर गेले तर इन्फेक्शनने किंवा उपचारांच्या त्रासाने मृत्यू होण्याचं प्रमाण कमी दिसलं. मोठ्यांमध्ये महिन्याभरानंतरच्या लिम्फोसाइट काउंटशी आणि सीडी४ २००शी असाच संबंध दाखवलाय. एनके लवकर आल्या तर आजार कमी उलटतो असंही काही ठिकाणी दिसलंय. पण हे वाचताना एक भान ठेवा. आकडा कमी म्हणून पेशंट बिघडला, की पेशंट बिघडला म्हणून आकडा कमी झाला? ज्याला जीव्हीएचडी झाली, त्याला स्टिरॉइड दिले, स्टिरॉइडने लिम्फोसाइट मेल्या. ज्याला एटीजी (टी पेशी मारणारं औषध) जास्त पडलं त्याच्या टी पेशी महिनोन्‌महिने उठत नाहीत. आकडा त्या सगळ्याची सावलीही असतो. भाऊजींना जीव्हीएचडी नाही, स्टिरॉइड नाहीत ना?

कुडाळकरीण

नाही. हातांवर पुरळ आलं होतं, मलमाने गेलं.

हिमॅटवाला

मग ६७ हा आजचा मुक्काम आहे. दर दीड-दोन महिन्यांनी पाहायचा, चढतोय का एवढंच. आम्ही तो आकडा भविष्य सांगायला वापरत नाही. सेप्ट्रान कधी थांबवायची, आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडी) ४००च्या खाली गेलं तर इम्युनोग्लोबुलिन द्यायचं का, लस कधी सुरू करायची, असल्या कामांसाठी वापरतो. २००च्या वर टिकून राहिला आणि टॅक्रोलिमस सुटली की बरीच बंधनं सैल होतात. ‘चौथं वर्ष’ यांच्या डॉक्टरांनी सीडी४ न बघता औषधांवरून ठरवलं, तेही चालतं. सेंटरगणिक पद्धत वेगळी.

चौथं_वर्ष

पटलं. फक्त एक. बंधनं सैल होतात ती एका दिवसात नाही. मला सायक्लोस्पोरिन बंद झाल्यावर तीन महिन्यांनी नागीण आली, असायक्लोव्हिर (नागीण रोखणारी गोळी) मीच कंटाळून सोडली होती.

गणपतीचं सांगतो आता. सप्टेंबरात कोकणात घर बंद राहिलेलं असेल तर भिंतींना बुरशी. पावसाची ओल, शेतातलं पाणी, लेप्टो. आरतीला चाळीस माणसं, त्यातली चार खोकणारी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंतर. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की आम्हाला तासाभरात इमर्जन्सीत ये असं सांगितलेलं. कुडाळहून तासाभरात कुठे पोचणार? तिथे रक्त चढवायची वेळ आली तर इरॅडिएट केलेलंच (किरणांनी लिम्फोसाइट निकामी केलेलं) हवं, साधं चालत नाही. त्या रक्तातल्या लिम्फोसाइटच पेशंटवर उलटू शकतात. ते मिळणार कुठे?

न्यूजर्सीची_माई

आणि पपनस! माटवीला (गणपतीवरच्या लाकडी छताला) पपनस बांधतात ना तुमच्याकडे? इथे ग्रेपफ्रूट खायचं नाही असं सांगतात, ते टॅक्रोलिमसचं प्रमाण रक्तात वाढवतं. पपनस त्याच्याच घरातलं.

हिमॅटवाला

माई, शंभर टक्के. पपनसाने असं झाल्याच्या नोंदी आहेत. मोसंबी-संत्री चालतात, नीट धुवून, घरी सोललेली. कापून ठेवलेली बाहेरची फळं नाहीत.

नळीवाला

टॅक्रोलिमसवरून आठवलं. लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. आमच्याकडे निम्मे लोक गोळी आणि चहा उरकून येतात, मग लेव्हल वाढलेली येते आणि डोस उगाच कमी होतो. गोळी पिशवीत घेऊन जा, रक्त दिल्यावर तिथेच घ्या.

कुडाळकरीण

अपडेट देते. डॉक्टरांनी कुडाळला साफ नाही म्हटलं. भाऊजी दोन दिवस रुसले होते. पण पपनसाचं ऐकून हसले, म्हणाले लहानपणापासून ते पपनस कुणी खाल्लंच नाही, नुसतं लटकतं. सासूबाईंना मी नाही, नणंदबाईंनी सांगितलं. त्यांनी पेशी दिल्यात म्हटल्यावर त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

सीएमव्ही खाली आलाय. पांढऱ्या पेशी २९०० झाल्यात. आधी वाचलं नसतं तर रात्र काढता आली नसती.

आता वेगळी काळजी. आमच्या बिल्डिंगशेजारी रिडेव्हलपमेंटचं तोडकाम सुरू झालंय, आणि खिडकीच्या सज्जावर कबुतरं.

हिमॅटवाला

तोडकामाच्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस. दोन्ही फुप्फुसातून शिरतात. त्या बाजूची खिडकी बंद, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, सज्जा साफ करायचा तर पेशंट दुसऱ्या खोलीत आणि साफ करणाऱ्याला मास्क. बुरशीची गोळी एकही चुकवायची नाही. जमलं तर खोली बदला, अगदी खरं सांगतो.

कुडाळकरीण

खोली बघतेय. शेवटचा प्रश्न. माझ्या जावेचं, म्हणजे भाऊजींचं, बाळ दहा महिन्यांचं आहे, ते पुढच्या आठवड्यात इकडे येतंय. त्याला पोलिओचे थेंब पाजायचे आहेत. ते चालेल का?

हिमॅटवाला

हे विचारलंत ते फार बरं केलंत, कारण कुणी आपणहून सांगत नाही. तोंडावाटे दिलेल्या पोलिओच्या लसीतला जिवंत विषाणू बाळाच्या शीमधून काही आठवडे बाहेर पडतो. घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट असताना बाळाला इंजेक्शनची पोलिओ लस द्यायची. बालरोगतज्ज्ञांना कारण सांगा, पल्स पोलिओच्या रविवारी दारावर आलेल्या ताईंनाही सांगा. थेंब आधीच दिले असतील तर येणं काही आठवडे पुढे ढकला, किमान नॅपी भाऊजींनी बदलायच्या नाहीत. रोटाव्हायरसची लसही तोंडावाटेच असते, तिच्यानंतरही नॅपीचं हेच. घरातल्या बाकी सगळ्यांनी फ्लूचं इंजेक्शन घ्या.

भाऊजींच्या स्वतःच्या लहानपणीच्या लसी आता पुसल्या गेल्या असं धरायचं. न्युमोकॉकलपासून सुरुवात होते, तीन ते सहा महिन्यांत. बाकीच्या निष्क्रिय लसी सहा महिन्यांनंतर. बी पेशी ८ असताना लसीला उत्तर नीट मिळत नाही, म्हणून तुमचे डॉक्टर थोडं थांबतीलही. गोवर-गालगुंडाची जिवंत लस दोन वर्षांच्या आत नाही, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल, टॅक्रोलिमस सुटून वर्ष झालं असेल तरच.

कुडाळकरीण

आधीचे थेंब गेल्या महिन्यातच दिलेत. जावेला आत्ताच फोन करते.